कांद्याला फुलू देताना

सकाळचं ऊन अजून तिरपं असताना बाहेर या. फोन आतच राहू द्या. बसायला पाट असो, पायरी असो, चटई असो. फक्त नजर जमिनीपासून हातभर उंचीवर येईल इतकं खाली बसा. ज्याच्याजवळ आज बसायचं आहे, त्याची उंची तेवढीच आहे.

पाठ सैल सोडा. दोन-चार श्वास येतील तसे येऊ द्या, त्यांना मुद्दाम लांबवू नका. मग समोर पाहा.

समोर कांदा आहे. शिकागोच्या उपनगरातल्या माझ्या परसात, पूर्वेकडच्या कुंपणाशी, त्याचं दाट बेट झालं आहे. इथले लोक त्याला नॉडिंग अनियन म्हणतात. शास्त्रीय नाव एलियम सर्न्युअम. आपल्या कांद्या-लसणाच्याच प्रजातीतला, पण याला बाहेरून कुणी आणलं नाही. कॅनडापासून मेक्सिकोपर्यंत तो आपला आपण उगवत आला आहे, आणि इथल्या गवताळ माळांचा, म्हणजे प्रेअरीचा, तो जुना रहिवासी आहे.

तुम्ही पुण्यात किंवा नाशकात बसून हे वाचत असाल तर हा कांदा मागवू नका. त्याला कडाक्याचा हिवाळा लागतो, तुमच्याकडे तो रमणार नाही. टोपलीतला कोंब फुटलेला एखादा लाल कांदा तुम्हाला पुरेसा आहे. दिवाळीच्या आसपास तो कुंडीत लावा, माथा मातीबाहेर ठेवा, आणि थंडी संपत आली की त्याच्याजवळ असेच बसा. समुद्रकाठच्या उबदार हवेत तो फुलेलच असं नाही. घाटावर बहुधा फुलतो. पुढे जे सांगते आहे त्यातलं पुष्कळसं त्यालाही लागू पडेल.

आता हात पुढे करा. एक पात अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरा. ओढू नका, फक्त धरा. आपल्या कांद्याची पात पोकळ असते, दाबली की फुस्स होते. ही तशी नाही. ही चपटी आहे, भरीव आहे, गवतासारखी अरुंद आहे, आणि सकाळी या वेळेला गार लागते. बुंध्यापासून टोकापर्यंत बोटं सावकाश सरकवा. मग बोटं नाकाशी आणा.

वास येत नाही. आलाच तर मातीचा येईल.

आता पातीचं अगदी टोक, नखाएवढं, खुडा आणि चुरगाळा. पुन्हा वास घ्या. हा तोच वास, फोडणीच्या आधीचा, चिरताना येणारा. तो एका क्षणापूर्वी इथे नव्हता. कांद्याच्या प्रत्येक पेशीत गंधकाची संयुगं एका बाजूला असतात आणि त्यांना फोडणारं विकर वेगळ्या कप्प्यात. पेशी शाबूत आहे तोवर ती दोन्ही एकमेकांना भेटत नाहीत. पात चावली, कापली, चुरगाळली की कप्पे फुटतात आणि वास जन्माला येतो. आपण ज्याला कांद्याचा वास म्हणतो तो कांद्याला इजा झाल्याचा वास आहे. न दुखावलेल्या कांद्याला कसला वास असतो, हे आपल्या नाकाला ठाऊकच नसतं.

इथे थोडं थांबा. बोटांवरचा वास कमी होऊ द्या.

याच वासात एक व्यवहाराची गोष्टही आहे, ती सांगून टाकते. इथल्या माळांवर डेथ कॅमस नावाची एक विषारी वनस्पती सापडते. पानं अशीच, कंदही असाच. ओळखायची पहिली खूण म्हणजे तिला कांद्याचा वास येत नाही. म्हणून रानात दिसलेला कांदा कुणी तोंडात घालू नये, आणि रानातून खणून तर मुळीच आणू नये. इथली रोपं विकणाऱ्या रोपवाटिका आहेत, तिथून घ्यावीत. घरात कुत्रं-मांजर असेल तर त्यांना या पातीपासून लांब ठेवावं. कांद्याच्या जातीतलं काहीच त्यांना सोसत नाही.

पुन्हा बेटाकडे या.

तुमच्या हातांनी आजवर किती कांदे धरले असतील ते आठवू नका. फक्त हात कसे धरतात ते आठवा. डाव्या हातात कांदा, उजव्यात सुरी, किंवा समोर विळीचं पातं. शेंडा-बूड कापलं, साल काढली. ज्याला आपण कांदा म्हणतो ती वनस्पतीची एक अवस्था आहे, आणि आपण तिला नेमकं तिथेच अडवतो. एकावर एक बसलेले ते जाड पापुद्रे म्हणजे पातींचे बुंधेच. झाडाने एका हंगामात कमावलेलं सगळं त्यांत साठवलेलं असतं, पुढच्या हंगामात दांडा उभा करून फुलण्यासाठी. ती शिदोरी आपण चिरून फोडणीला टाकतो. त्यात काही वाईट नाही. मीही आज दुपारी तेच करणार आहे. पण शिदोरी कुणाची होती आणि कशासाठी होती, हे एकदा लक्षात घेऊन मग खावं, असं मला मनापासून वाटतं.

कांदा पिकवणाऱ्या घरात फुलाला जागा नसते. माझं आजोळ चांदवडकडचं. तिथे कांद्याच्या शेतात दांडा दिसला की आजी म्हणायची, डेंगळा आला, आता हा ठेवणीचा नाही. तिचं बरोबरच होतं. डेंगळे आलेला कांदा मधोमध कडक होतो, चाळीत टिकत नाही, बाजारात मागे पडतो. लागवडीची वेळ चुकली, थंडी विचित्र पडली, की शेतभर डेंगळे उभे राहतात आणि शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. फूल म्हणजे नुकसान. फुलाचं स्वागत होतं ते फक्त बियाण्याच्या प्लॉटमध्ये, जिथे निवडलेले गोट कांदे लावतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत कमरेएवढ्या दांड्यांवर पांढरे गोंडे डोलतात. मधमाश्यांनी गजबजलेला तो प्लॉट ज्याने पाहिला आहे त्याला कांद्याचं दुसरं रूप सांगावं लागत नाही. पण तिथेही फुलावर मालकाचं लक्ष असतं ते काळ्या बियांसाठी.

आई इथे आली होती तेव्हा हे बेट ऐन भरात होतं. ती बराच वेळ पाहत उभी राहिली आणि म्हणाली, “अगं, पण याचं करायचं काय?”

“काही नाही गं,” मी म्हटलं.

तो प्रश्न मनात राहू द्या. उत्तर शोधू नका. समोरच्या झाडाकडून तुम्हाला काही घ्यायचं नाही, इतकंच स्वतःला सांगा. पाहता पाहता हात आपोआप काही करायला जातो: वाळकी पात खुडायला, दांडा सरळ करायला. जाऊ लागला की मांडीवर परत ठेवा.

आता डोळे मिटा आणि याच जागेवर जानेवारी महिना आणा.

बेट दिसत नाही. पाती कधीच वाळून मातीला चिकटल्या आहेत, वर बर्फ आहे. इथली थंडी आपल्या अंगात मुरलेल्या थंडीसारखी नाही. २०१९ च्या जानेवारीत शिकागोत पारा उणे ३० अंशांखाली गेला होता. उघड्या कातडीला काही मिनिटांत हिमदंश होईल अशी हवा. त्या काळातही हे कंद दोन बोटं मातीखाली होते. लांबट, निमुळते, करंगळीएवढे जाड, एका जुडग्यात एकमेकांना टेकलेले. कडक गोठलेल्या मातीत.

त्या गोठण्याकडे संकट म्हणून पाहायची आपली सवय असते. जरा वेगळं पाहा. या कांद्याचं बी ओल्या गारठ्यात सुमारे दोन महिने राहिल्याशिवाय नीट उगवत नाही. हिवाळा चुकवून उबेत पेरलंत तर ते वाट पाहत पडून राहतं. आपल्याकडच्या कांद्यालाही फुलायला थंडीच लागते, फक्त त्याची गरज माफक असते. महाराष्ट्रात बियाण्याचे गोट रब्बीत लावतात ते घाटावरच्या गार रात्रींच्या भरवशावर. थंडीचे दिवस मोजून झाले की कंदाच्या आतल्या टोकाशी फुलाचा अंकुर ठरतो. वरून काहीही दिसत नसतं. एरवी आपण ज्याला ‘काहीच घडत नाही’ म्हणतो त्या महिन्यांत त्याचं सगळं ठरत असतं.

त्या अंधाऱ्या, गार जागेत मन थोडा वेळ ठेवा. कंटाळा आला तर येऊ द्या. कंटाळ्यालाही तिथे बसायला जागा आहे.

डोळे उघडा, आणि आता मातीकडे पाहा. एक चिमूट उचलून तळहातावर घ्या.

माती काळी आहे. काळी माती पाहिली की आपल्या माणसाला बरं वाटतं, मलाही इथे पहिल्यांदा वाटलं होतं. पण ही काळी आणि आपली काळी एका घरच्या नव्हेत. आपली बेसाल्टच्या झिजेतून, म्हणजे लाव्हातून आलेली. इथली हिमनद्यांनी दळलेल्या गाळाची, वाऱ्याने आणून टाकलेल्या धुळीची, आणि हजारो वर्षं जमिनीत खोल कुजत गेलेल्या गवताच्या मुळांची. इथल्या इलिनॉय राज्याचा निम्म्याहून अधिक भाग एके काळी प्रेअरी होता, सुमारे २ कोटी २० लाख एकर. ही जमीन इतकी चिकट की जुने नांगर तिच्यात रुतून बसायचे. १८३७ मध्ये याच राज्यातल्या ग्रँड डिटूर गावात जॉन डीअर या लोहाराने गुळगुळीत पोलादी फाळाचा नांगर घडवला, त्याला माती चिकटेना, आणि पुढच्या काही दशकांत माळ उलथून मक्याखाली गेला. नांगर न लागलेली चांगल्या प्रतीची प्रेअरी आज राहिली आहे ती दहा हजारांत जेमतेम एक भाग. ती तरी कुठे? रेल्वेच्या रुळांकडेला, आणि पहिल्या वसाहतकऱ्यांच्या जुन्या दफनभूमींत. ज्या जमिनीला नांगर लावायला माणूस धजला नाही, तिथेच ती वाचली.

आणि त्याआधी माणसं होती. १६८७-८८ च्या सुमारास इथून गेलेला फ्रेंच प्रवासी आंरी जुतेल लिहून गेला आहे की इथल्या रानात रानलसूण भरपूर उगवतो आणि त्यावरूनच या ठिकाणाला शिकागो हे नाव पडलं आहे. तो लसूण बहुधा समोरच्या कांद्याचा रुंद पानांचा भाऊबंद असावा, झाडांच्या सावलीत वाढणारा, ज्याला आज इथे रॅम्प्स म्हणतात. ते नाव देणाऱ्या लोकांना या रोपांचा हंगाम ठाऊक होता, कुठलं किती काढायचं हे ठाऊक होतं. १८३३ च्या तहाने पोटावाटोमी या मूळ रहिवाशांची या भागातली उरलेली जमीन गेली आणि त्यांना मिसिसिपीच्या पलीकडे हलवण्यात आलं. माझं घर त्या जमिनीवर आहे. हातातली माती त्यांच्याही हातांतली आहे. ही गोष्ट सांगून मला हलकं वाटत नाही, आणि वाटू नये. हे बेट लावताना ती माझ्या मनात असते, एवढंच.

माती परत ठेवा. हात झटकू नका, राहू द्या तसेच.

आता नजर सावकाश वर न्या. पातींच्या मधून निघालेला दांडा धरून वर, हातभर. टोकाशी पोहोचलात की थांबा, कारण आजचं मुख्य पाहणं इथे आहे.

जुलै उजाडला की दांडा वर येतो. टोकाशी कळ्यांचा पुंजका असतो, पातळ कागदासारख्या आवरणात बंद. त्या वेळेपासूनच दांड्याचा शेवटचा भाग वळलेला असतो, आकड्यासारखा, आणि बंद पुंजका खाली जमिनीकडे पाहत असतो. मग आवरण फाटतं, एकेका कळीचा बारीक देठ लांबतो, आणि गुलाबी, कधी पांढरी, कधी फिकट जांभळी अशी फुलं उमलतात. तीही खालीच पाहत.

या वाकण्याला नम्रता म्हणायचा मोह होतो. म्हणू नका. आपले गुण-अवगुण झाडाच्या गळ्यात घातले की त्याचं वाकणंच दिसेनासं होतं. दांड्याच्या एका बाजूच्या पेशी दुसरीपेक्षा जास्त वाढतात म्हणून दांडा वळतो. वळल्यामुळे पाऊस फुलाच्या पाठीवर पडतो, आतला पराग आणि मध कोरडे राहतात. एवढं कारण पुरेसं सुंदर आहे.

आता मान तिरपी करून, गालाला गवत लागेल इतकं खाली जाऊन, एका फुलाच्या आत पाहा. फूल तांदळाच्या दोन दाण्यांएवढं असेल. पाकळ्या सहा. त्यांच्याबाहेर डोकावणारे केसर सहा, टोकाला पिवळसर परागाच्या गोळ्या. मधोमध तीन फुगीर कप्प्यांचा बीजकोश. एका पुंजक्यात अशी पंधरा-वीस, कधी तीसही फुलं असतात आणि ती एकदम उमलत नाहीत. एकाच पुंजक्यात तुम्हाला मिटलेली कळी दिसेल, पराग सांडणारं फूल दिसेल, आणि पराग संपून ज्याचा मधला दोरा आता लांबला आहे असं फूलही दिसेल. कांद्याच्या कुळात बहुधा असंच असतं: पराग आधी द्यायचा, घ्यायची तयारी नंतर.

बहुतेक एवढ्यात एक भुंगमाशी येईल. बंबलबी, जाड, केसाळ, काळी-पिवळी. ती आली की श्वास रोखू नका, चालू द्या. ती खालून येते, पुंजक्याला पायांनी धरते आणि उलटी लटकते. पूर्ण दांडा तिच्या भाराने हलतो. एका फुलावरून दुसऱ्यावर ती लटकतच चालत जाते. पोळ्यातली मधमाशी इथे युरोपीय वसाहतकऱ्यांबरोबर सतराव्या शतकात आली. बंबलबी आणि हा कांदा मात्र त्याच्या फार आधीपासून एकमेकांना ओळखतात. इथली एक बंबलबी, जिच्या पाठीवर तांबूस ठिपका असतो, २०१७ मध्ये संकटग्रस्त प्रजातींच्या संघराज्याच्या यादीत गेली. मला ती माझ्या परसात अजून दिसलेली नाही. प्रत्येक केसाळ पाठ मी निरखून बघते.

ती उडून गेली तरी दांडा थांबेपर्यंत त्याच्याकडेच पाहत राहा.

आणि आता जे सांगते ते एका बैठकीत दिसणार नाही. त्यासाठी ऑगस्टभर पुन्हा पुन्हा येऊन बसावं लागेल. फुलात बी धरलं की त्याचा देठ हळूहळू वर वळू लागतो. ज्याचं फळ धरलं ते आधी, उरलेली मागून. एकाच पुंजक्यात काही खाली बघणारी, काही आडवी, काही वर तोंड केलेली, असे काही दिवस जातात. सप्टेंबरपर्यंत बोंडं आभाळाकडे तोंड करून ताठ होतात. तीन कप्पे, प्रत्येकात फार तर दोन बिया. फूल होतं तोवर पाऊस नको होता. आता बोंड वरच्या बाजूने उघडतं, आणि वाऱ्याने दांडा हलला की बिया थोड्या थोड्या बाहेर पडतात.

हे वळणं मी जेव्हा लक्ष देऊन पाहू लागले, तेव्हा आईच्या प्रश्नाचा माझ्यासाठी अर्थ बदलला. याचं करायचं काय, हे त्याला आधीच ठाऊक आहे. आपण फक्त मध्ये यायचं नाही.

शहरात मिलेनियम पार्कमधल्या लुरी गार्डनमध्ये ‘समर ब्यूटी’ नावाचा बागेतला कांदा लावला आहे, फार देखणा दिसतो. त्याला बी धरत नाही, म्हणून तो पसरत नाही, आणि नीटनेटक्या बागांसाठी माळी तो पसंत करतात. ज्याला आटोपशीरपणा हवा त्याने तो जरूर लावावा. मी मात्र जो बी धरतो तोच लावते. माझ्यासाठी फुलाइतकंच बोंडाचं वर वळणं महत्त्वाचं आहे.

बी पडलं की पुढच्या वसंतात बेटाभोवती हिरव्या बारीक काड्या उगवतात, हुबेहूब गवतासारख्या. निंदायला बसलात तर एकेक काडी चुरगाळून वास घ्या आणि मगच उपटा. पहिल्या वर्षी रोपं एवढीच राहतात. दुसऱ्या, बहुधा तिसऱ्या वर्षी दांडा येतो. बेट फार दाट झालं तर वसंतात कुदळीने उचलून जुडगी सुटी करावीत आणि वीतभर अंतरावर लावावीत. ऊन हवं, थोडी सावली चालते, पाणी साचू नये. खत-औषध काही लागत नाही, ससे-हरणंही वासामुळे याच्या वाटेला फारशी जात नाहीत.

बोंडं वाळल्यावरच्या बैठकीतून उठायच्या आधी एक काम करा. वाळलेले दोन-तीन पुंजके कागदी पिशवीत धरून हलवा. काळ्या बिया खडखडतील. उरलेले तसेच उभे राहू द्या. पिशवीवर झाडाचं नाव, जागा आणि साल लिहा. निम्म्या बिया शेजारी द्या, आणि त्यांना सांगा की ऑक्टोबरच्या अखेरीस, जमीन गोठण्याआधी, उघड्या मातीवर पेरायच्या, वरून पाव इंचापेक्षा जास्त माती ओढायची नाही, आणि एप्रिलपर्यंत तिथे काही उकरायचं नाही.